ह्यांचा शुक्रवारचा ओव्हरटाइम

कुवेतला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात: सोनं आणलंत का, आणि उकडत होतं का. दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. मी नोव्हेंबरात गेले होते, पहाटे शाल लागायची, आणि मी काही आणण्यापेक्षा नेऊन ठेवायलाच गेले होते. माझ्या बॅगेत साड्यांच्या घडीत गुंडाळलेले अकरा मासे होते.

मासे प्लास्टिकचे. एकेक वीतभर लांब, कुणी लाल डोक्याचा आणि पांढऱ्या अंगाचा, कुणी हिरवट पट्ट्यांचा, आणि प्रत्येकाच्या तोंडातून चमच्याच्या फाळाएवढी पारदर्शक जीभ पुढे आलेली. माझे यजमान तेवीस वर्षं कुवेतला अर्दिया भागात सुट्या भागांच्या एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर होते. वर्षातून एक महिना घरी, बाकी फोनवर संसार. दोन वर्षांपूर्वी ते तिथेच हृदयविकाराने गेले. त्यांच्यामागून महिन्याभराने त्यांची बॅग संगमनेरला आली, तिच्यात हे मासे होते. मला वाटलं, पुढेमागे नातवंडं होतील म्हणून आणून ठेवली असतील खेळणी. वर्षश्राद्ध झाल्यावर सून गौरी बसवायला आली, तेव्हा मी निळ्या कागदाचं तळं केलं आणि अकराही मासे गौरींपुढच्या आराशीत मांडले. बायका हळदीकुंकवाला आल्या, कौतुक करून गेल्या.

शेजारी नव्याने राहायला आलेल्या म्हात्रेवहिनी अलिबागकडच्या. त्यांनी एक मासा उचलला, उलटा केला, आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो, ही खेळणी नव्हेत. ही मासे धरायची आमिषं! बोटीच्या मागे दोरीने ओढत न्यायची. ही जीभ पाणी कापते आणि आमिषाला खाली तळाकडे नेते. खालच्या कड्या बघा, इथे गळ असतात, कुणीतरी काढून ठेवलेत. आणि हे बघा ओरखडे. दात आहेत हे."

सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. आमच्या घरात सुकटसुद्धा कधी आली नाही आणि गौरींपुढे गळाचे मासे! पण रात्रभर मला झोप लागली नाही. त्याचं कारण माझा भाऊ विजू. तो एकोणीस वर्षांचा असताना गावाजवळच्या धरणात होडी उलटून बुडाला. तेव्हापासून आमच्या घरात कुणी होडीत पाय ठेवला नाही. हे कुवेतला निघाले तेव्हा मी आमच्या मुलाच्या, निखिलच्या, डोक्यावर ह्यांचा हात ठेवून शपथ घातली होती की पाण्यात पाय घालायचा नाही. मी शाळेत भूगोल शिकवायची. कुवेतच्या एका अंगाला समुद्र आहे हे मला नकाशावरून चांगलं ठाऊक होतं. आईला मात्र मी सांगितलं होतं की तिथे सगळं वाळवंट आहे.

ह्यांनी शपथ घेतली आणि तेवीस वर्षं दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ओव्हरटाइमला जात राहिले. निदान मला तसं सांगत राहिले. संध्याकाळी फोन यायचा. आवाज थकलेला, पण कसा मोकळा. मी म्हणायची, "किती राबता हो, सुट्टीचा तरी आराम करा." ते म्हणायचे, "हं." त्या ओव्हरटाइमचा पैसा कधी दिसला नाही. गोडाऊनमध्ये काम करणाऱ्याचा चेहरा असा उन्हाने रापतो कसा, हेही मी कधी विचारलं नाही. हुशार बाई म्हणून माझा शाळेत लौकिक होता.

आता मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हे तिथे सुखात होते का? खरं सांगायचं तर दोन्ही उत्तरं मला नको होती. दुःखात होते म्हणावं, तर तेवीस वर्षं मी इथे निवांत झोपले याची लाज वाटणार. सुखात होते म्हणावं, तर माझ्यावाचून ते सुखात होते हे मला सोसणार नाही. बॅगेवर पाठवणाऱ्याचं नाव होतं, अन्वर, आणि नंबर. मी फोन केला. पलीकडून कोकणी मराठी आली: "वहिनी, हे फोनवर सांगायचं नाय. तुम्ही या एकदा."

फिंतास

भाची केतकीने व्हिसा काढला. ती आणि तिचा नवरा दोघंही हिशेबतपासणीच्या कंपनीत, मुलगी रिया नऊ वर्षांची. घर फिंतासला, नवव्या मजल्यावर. विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी बॅग उघडली, मासे पाहिले, एकेक हातात घेतला, लाल डोक्याच्या माशावर बोट ठेवून "हामूर!" म्हणाला आणि मोठ्या आदराने मला जाऊ दिलं. मला वाटतं, साडी नेसून गळाचे मासे घेऊन येणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

पहिले चार दिवस मी त्या नवव्या मजल्यावर एकटीने काढले. सगळे सकाळी साडेसहाला बाहेर पडायचे, त्यानंतर घरात फ्रिजचा आवाज. मी रियाला विचारलं, "शाळेत काय शिकवलं?" ती म्हणाली, "नथिंग मच, आज्जी." मराठी तिला सगळी कळते, उत्तर तेवढं इंग्रजीत येतं. माझी शिक्षिकेची जीभ वळवळायची, पण मी पाहुणी होते.

खिडकीतून समुद्र दिसायचा. आधी मोठा रस्ता, मग खजुराची झाडं, मग फिकट हिरवं पाणी, लाट अशी नाहीच. आपल्याकडे कोकणात समुद्र ऐकू येतो. इथला नुसता दिसतो. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मग पुन्हा वळून बघायची. खाली उतरून किनाऱ्यावरच्या फरसबंदीवर चालून यावं म्हटलं, तर तिथे चालणारे सगळे कानात काही घालून चालत होते. एक फिलिपिनी बाई एका म्हाताऱ्या कुवेती बाईंना चाकाच्या खुर्चीतून फिरवत होती. त्या म्हाताऱ्या बाईंनी मला पाहून हात वर केला आणि मीही केला. त्या दिवसातलं माझं तेवढंच बोलणं. चार दिवसांत मी अशी कावले होते, मग तेवीस वर्षांचं काय, हा विचार सारखा मनात यायचा.

आईचा फोन रोज संध्याकाळी. ती शहाऐंशी वर्षांची, मी येईपर्यंत धाकट्या बहिणीकडे ठेवलेली. "जेवलीस का? थंडी आहे का? एकटी कुठे जाऊ नकोस." मी सगळ्याला हो म्हणायची.

अर्दिया

पाचव्या दिवशी केतकीने मला अर्दियाला सोडलं. घरांची वस्ती मागे पडते आणि गोडाऊनं, गॅरेजं, पत्र्याच्या शेड सुरू होतात. ग्रीस आणि भाजलेल्या पावाचा वास एकत्र येतो. अन्वरभाईंचं तिथे बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप आहे. मूळचे दापोलीकडचे, साठीचे, पांढरी दाढी, हातांच्या रेषांत काळं तेल. मला पाहून त्यांनी आधी हात पुसले, मग डोळे.

"वहिनी, पयल्यांदा खोली बघायची का?"

खोली गल्लीच्या शेवटी, दुसऱ्या मजल्यावर. अन्वरभाई पुढे गेले, आतल्यांना शर्ट घालायला लावले, मग मला हाक मारली. चार खाटा. ह्यांच्या खाटेवर आता तेलंगणचा एक पोरगेला माणूस राहतो. तो गडबडून उठला, चादर सारखी केली आणि मला तिथेच बसायला सांगितलं. मी बसले. त्या खाटेवरून एसीची मागची बाजू दिसते, दाराला टांगलेले कपडे दिसतात आणि शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. आकाश दिसायला मान खूप वाकवावी लागते. मी वाकवून पाहिली. चारही माणसं दाराशी दाटीने उभी होती. मला रडू येत नव्हतं, मला राग येत होता, आणि कुणावर ते कळत नव्हतं.

वर्कशॉपमध्ये परत आल्यावर चहा आला, वेलची घातलेला, दाट. मी बॅगेतून अकरा मासे काढून त्यांच्यासमोर ओळीने मांडले.

"आता सांगा," मी म्हटलं. "लपवू नका."

"वहिनी, तुमच्या पुढ्यात खोटं कशाला बोलू? पयले काही महिने भाऊ शुक्रवारी खाटेवरनं उठायचेच नाय. जेवायचे नाय, कुणाशी बोलायचे नाय. भिंतीकडे तोंड. मी म्हटलं, हा मनुष्य असा राहिला तर याचं डोकं फिरेल. एका शुक्रवारी धरून नेला बोटीवर. माझा कुवेती दोस्त आहे, बू फहद. त्याची बोट. भाऊ म्हणाले, मी शपथ घेतलीय. मी म्हटलं, काय शपथ? तर म्हणाले, पाण्यात पाय घालायचा नाय."

"मग?"

"मग काय, बूट घालून बसले! तेवीस वर्षं वहिनी, बूट आणि मोजे. आमी सगळे बोट लावताना गुडघाभर पाण्यात उतरायचो, भाऊ आपले धक्क्यावरनं चढणार, धक्क्यावर उतरणार. धक्का नसेल तिथे उतरणारच नाय. बू फहद त्यांना मुदीर म्हणायचा. म्हणजे साहेब."

ही पळवाट मला मुळीच आवडली नाही, आणि तरी मी फसकन हसले. ह्यांचं सगळं असंच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घेणारा माणूस.

"आणि मासे खायचे का हो?"

अन्वरभाईंनी शेजारच्या इंजिनाकडे पाहिलं. "नाय वहिनी. धरायचे आणि वाटायचे."

ते खोटं बोलतायत हे मला कळलं आणि मी ते राहू दिलं. पण दुसरा प्रश्न सोडता येत नव्हता. "तिथे बोटीवर ते सुखात होते का?"

अन्वरभाईंनी ओळीतला लाल डोक्याचा मासा उचलून हातात फिरवला. मग म्हणाले, "ते मला सांगता येणार नाय. परवा शुक्रवार आहे. तुम्ही चला."

मी नाही म्हटलं. लगेच, मोठ्याने. विजूच्या होडीबद्दल त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे वहिनी, भाऊंनी सांगितलं होतं." आणि पुन्हा आग्रह केला नाही. तो केला असता तर मी गेले नसते.

समुद्र

केतकीने विचारलं, "मावशी, तुला पोहता येतं का?" मी म्हटलं, "मी भूगोल शिकवला, पोहणं नाही." शुक्रवारी पहाटे पाचला तिने मला धक्क्यावर आणून सोडलं आणि गाडीत बसून राहिली, मी परत फिरेन या आशेने. मीही त्याच आशेत होते. बोट पांढरी, लांबोडकी, मागे दोन इंजिनं. बू फहद सत्तरीचे, जाड, डोक्याला लोकरीची टोपी. कुवेतमध्ये बापाला मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, तेव्हा हे फहदचे बाबा. हिंदी चांगली बोलतात, इतकी वर्षं आपल्या माणसांत काढल्यावर येणारच. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग अन्वरभाईंकडे, आणि म्हणाले, "मुदीर की मॅडम. जूता नहीं?"

मी लाइफ जॅकेट साडीवरून बांधलं. धक्का आणि बोट यांच्यामध्ये हातभर पाणी होतं, काळं, आणि ते खालीवर होत होतं. अन्वरभाईंनी हात पुढे केला. मला विजूचा चेहरा आठवावा असं वाटलं, पण आठवला त्याचा फक्त निळा शर्ट. मग मी पाय टाकला. यात शौर्य काही नव्हतं. मागे गाडीत भाची बघत होती आणि मला तिच्यासमोर भित्री दिसायचं नव्हतं.

अर्ध्या तासात मला उलटी झाली. बू फहदनी बोट हळू केली, पाण्याची बाटली दिली आणि दुसरीकडे पाहत राहिले. मी घरून आणलेली आल्याची वडी तोंडात टाकली, त्यांनाही दिली. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या नेल्या होत्या, त्या त्यांनी डबा मांडीवर घेऊन संपवल्या. त्यांच्याकडे बाजेला होता, म्हणजे मीठ आणि तिखट लावून उकडलेल्या मोठ्या शेंगांचे दाणे. आपल्या वालाच्या उसळीचा लांबचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही. सोलून खाताना बोटं ओली होतात आणि पोट स्थिर होतं.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही उथळ सपाटीवर पोचलो होतो. किनाऱ्यावरच्या इमारती काडेपेटीएवढ्या झाल्या होत्या. बोटीवरच्या खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तळाची रेघ दिसत होती: सहा मीटर, सात, सहा, मग मध्येच खडकाचा एखादा उंचवटा. वरून पाहिलं तर सगळीकडे सारखंच पाणी. मी इतकी वर्षं मुलांना समुद्रतळाचे उतार फळ्यावर काढून दाखवले आणि त्या उतारांवरून स्वतः जायची ही माझी पहिलीच वेळ.

काम कसं चालतं ते अन्वरभाईंनी समजावलं. आमिष मागे सोडायचं, चाळीस-पन्नास मीटर दोरी द्यायची. बोट चालण्याच्या वेगाहून थोडी जोरात न्यायची. जीभ पाणी कापत आमिषाला तळाशी नेते. तळाला अधूनमधून आपटलं पाहिजे, तरच हामूर, म्हणजे तिथला खडकात राहणारा मोठा मासा, खबदाडीतून बाहेर येतो. फार वर राहिलं तर तो बघतही नाही, फार खाली गेलं तर खडकात अडकतं. बाकीचे आता काठ्या आणि रिळं लावून बसतात. बू फहदच्या बोटीवर अजून दोरी हातात धरतात, वडिलांपासूनची रीत.

त्यांनी लाल डोक्याच्या माशाला पुन्हा गळ लावले होते. मला हातमोजे दिले आणि दोरी माझ्या मुठीत ठेवली. "मुदीर का जगह," बू फहद म्हणाले आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातली बर्फाची पेटी दाखवली. मी त्या पेटीवर बसले. माझे पाय आपोआप समोरच्या कठड्याला टेकले. तिथला रंग दोन ठिकाणी घासून गेला होता.

दोरी थरथरत होती. लहान मुलाच्या पाठीवर हात ठेवला की आतला श्वास कळतो तशी. सारखी, न थांबता. कधीमधी टक, टक, म्हणजे तळ. पहिल्या 'टक'लाच मी "मासा! मासा!" म्हणून ओरडले. बू फहदनी निमूट बोट थांबवली, पाहिलं, आणि निमूट सुरू केली. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, यह कुवेत है." म्हणजे मला लागत होती ती त्यांच्या देशाची जमीन.

मग थरथर एकदम थांबली. दोरी नुसती जड. अन्वरभाई म्हणाले, "शेवाळ अडकलं. ओढून घ्या, साफ करा, परत सोडा." असं चारदा झालं. बोट वळली की दोरी सैल पडे आणि मला वाटे सुटलं सगळं. पुन्हा सरळ झाली की थरथर परत येई. दोन तास गेले असतील. कुणी काही बोलत नव्हतं.

"इथे बोलायचे का हे?" मी विचारलं.

"सुरुवातीला बोलायचे," अन्वरभाई म्हणाले. "निखिलचे मार्क, तुमची बदली, आईंची तब्येत. सगळं. मग पाच-सहा वर्षांनी बोलायचं बंद झालं. नुसते बसायचे. मी काळजीने एकदा विचारलं, भाऊ काय झालं? तर म्हणाले, काही नाही रे, बरं वाटतंय."

पाच-सहा वर्षांनी आमच्याबद्दल बोलायचं संपलं आणि ह्यांना बरं वाटलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि मला नको होतं तेच मिळालं. मी बसून राहिले. एवढ्या मोठ्या पाण्यावर, दोन परक्या माणसांत, ह्यांच्या पेटीवर, आणि मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. हे गेल्याचा फोन दवाखान्यातून आला त्या दिवशीही नाही. त्या दिवशी निदान मी कुणाची तरी होते. मी अन्वरभाईंना म्हणणार होते की परत चला.

तेवढ्यात दोरी गेली.

टक वगैरे नाही. वाळत घातलेलं ओलं नऊवारी लुगडं कुणी पलीकडून खेचावं तशी. हातमोज्यातून दोरी सरसर सरकली आणि तळहात भाजला. अन्वरभाई ओरडले, "वढा वहिनी! ढील नको! खडकात शिरेल!" बू फहदनी बोट वळवली. मी उभी राहिले, पदर खोचला, पाय कठड्याला लावला आणि ओढायला लागले. ते पलीकडचं वजन ओढतं, मी ओढते. दोन हात आले की एक जातो. मी काय काय बोलत होते देव जाणे. अन्वरभाई नंतर म्हणाले की मी वर्गातल्या पोरांना रागवावं तशी माशाला रागवत होते. खांदा भरून आला, पदर सुटला, आणि मी हसत होते. खालून आधी सावली आली, मग तपकिरी ठिपक्यांचं अंग, मग माझ्या दोन्ही तळव्यांएवढं तोंड, त्यात लाल डोकं आडवं अडकलेलं. बू फहदनी जाळीने उचलून घेतलं.

"हामूर!" ते म्हणाले. "माशाल्ला, मॅडम! मुदीर का पहला तो इतना था." आणि वीतभर दाखवलं.

मी डेकवर बसकण मारली. मासा तोंड उघडत मिटत होता. त्याची दया यायला हवी होती, ती पुढे आली, संध्याकाळी. त्या क्षणी मला नुसता आनंद झाला होता, दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा झाला होता तेवढा. मग श्वास खाली बसला आणि माझ्या लक्षात आलं की दोरी गेल्यापासून आत्तापर्यंत मला ह्यांची आठवण आली नव्हती. एकदाही नाही. दोन वर्षांत असा एक तास गेला नव्हता. मी त्यांच्या पेटीवर बसले होते, त्यांचीच दोरी धरली होती, आणि ते माझ्या डोक्यात नव्हते. विजू नव्हता. कुणीच नव्हतं. म्हणून मी त्यांच्यावर काही कमी प्रेम केलं होतं का? मी तिथेच, माशाशेजारी बसून रडले. ती रडारड मोकळी होती. अन्वरभाईंनी पाठ फिरवली आणि इंजिनाशी खुडबुड करत बसले, बू फहदनी पाण्याची बाटली पुन्हा माझ्याजवळ ठेवली.

"अन्वरभाई," मी थोड्या वेळाने म्हटलं, "सुखात होते."

"व्हय वहिनी," ते म्हणाले. "शुक्रवारी सकाळी, अकरापर्यंत."

अकराच्या आत परतायचंच होतं, दोघांना नमाजाला जायचं होतं. परतताना बू फहद खुलले. हामूर भातावर कसा शिजवतात ते सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "मुदीर दो प्लेट खाता था. दो!" अन्वरभाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते एकदम क्षितिज बघायला लागले. मी काही ऐकलं नाही असा चेहरा केला. तसा चेहरा करायला मला आता जमू लागलं होतं.

उरलेले दहा मासे मी अन्वरभाईंकडे ठेवले. त्यांनी लाल डोक्याचा परत देऊ केला, मी घेतला नाही. हामूर बू फहदकडे गेला. धक्क्यावर केतकी उभी होती. तिने माझे हात पाहिले, तळव्यांवर दोन लाल रेघा उमटल्या होत्या. मग तिने मला मिठी मारली, माशाच्या वासासकट.

फिंतास, संध्याकाळ

मी आंघोळ करून, डोकं धुऊन खिडकीशी बसले. खुर्ची या वेळी समुद्राकडे तोंड करून. पाणी करडं झालं होतं आणि दूर दोन-तीन बोटी परतत होत्या. मागे रिया गृहपाठ करत होती. मी तिला म्हटलं, "आज मी एवढा मासा पकडला." ती म्हणाली, "नो वे, आज्जी!" आणि मग माझा हात ओढून उघडून पाहिला आणि मराठीत विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, "थोडं."

साडेसहाला आईचा फोन आला. तिकडे रात्रीचे नऊ, तिची झोपायची वेळ.

"जेवलीस का?"

"बसतेच आहे."

"आवाज दमलेला वाटतोय गं तुझा. काय केलंस दिवसभर?"

विजू गेल्यावर तिने पंधरा वर्षं धरणाच्या रस्त्याने जाणारी एसटी घेतली नाही, लांबच्या रस्त्याने जायची. मी माझ्या तळहाताकडे पाहिलं.

"केतकीकडे खूप काम निघालं, आई. तिला मदत करत होते."

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा? किती राबतेस गं," आई म्हणाली. "जरा आराम करत जा."

"हं," मी म्हटलं.